घाट पावसात बंद पडतो, मग परसबाग फक्त हिवाळ्यातच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना लागला की गोव्यात पुरुमेताची खरेदी सुरू होते. सुकी मिरची, चिंच, सोलां (आमसुले), सुकी सुंगटे (कोळंबी), कांद्याच्या माळा, खडे मीठ अशी चार महिन्यांची बेगमी घरात येते. या यादीत हिरवी भाजी कधी नव्हती, कारण ती परसातच उगवत असे. मिरगाचा पाऊस पडला की दोडकी, भेंडे, काकड्या, अळू आणि वालची भाजी (मायाळू) पाठोपाठ हाताशी यायची. आता परस राहिले नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यातली ६२ टक्के लोकसंख्या शहरी होती आणि हे प्रमाण देशातल्या सर्व राज्यांत सर्वाधिक होते. पणजी, पर्वरी, मडगाव, म्हापसा, वास्को इथल्या फ्लॅटमध्ये शिजणारी बहुतेक भाजी बेळगावहून, चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून येते.

हे दोन्ही घाट अडतात ते बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये. दरड कोसळते, रस्ता खचतो, झाड आडवे होते, अवजड वाहने थांबवली जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव-कोल्हापूरकडे महापूर आला तेव्हा इथे भाजी आणि दूध दोन्हींची टंचाई झाली होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सीमा बंद होताच पहिल्याच आठवड्यात काय अवस्था झाली तेही सगळ्यांना आठवत असेल. फलोत्पादन महामंडळाचे गाडे स्वस्तात भाजी देतात, पण ट्रकच आला नाही तर गाड्यावर तरी काय ठेवणार?

शहरी परसबागेबद्दल हल्ली पुष्कळ बोलले जाते. शिबिरे होतात, बियाण्यांची पाकिटे वाटली जातात. पण हे सगळे ऑक्टोबरात सुरू होते आणि मार्चमध्ये पाणी कमी पडले की संपते. कोबी, मुळा, टोमॅटो, पालक ही हिवाळ्याची पिके आहेत, आणि त्या दिवसांत बाजारात भाजी मुबलक व स्वस्त असते. ज्या पंधरा दिवसांत घाट बंद पडू शकतो तेव्हा गच्चीवरच्या कुंड्या रिकाम्या, शेवाळ धरलेल्या असतात. गोव्याच्या शहरांना परसबागेचा खरा आधार हवा असेल तर ती पावसाळ्याची असली पाहिजे. ते जमण्यासारखे आहे, मात्र त्याची रीत हिवाळ्याच्या बागेहून बरीच वेगळी आहे. म्हणूनच हे सविस्तर पत्र.

आधी अपेक्षा किती ठेवायची ते पाहू. गच्चीवर तांदूळ, कांदे, बटाटे पिकवून शहर जगणार नाही आणि तसा दावा कोणी करू नये. प्रश्न ताज्या भाजीचा आहे, कारण ती साठवता येत नाही. चौघांच्या घरात दिवसाआड ४०० ग्रॅम पालेभाजी लागते असे धरले तर पंधरा दिवसांना ३ किलो लागेल. माठाच्या एका कापणीत चौरस मीटरला साधारण १ ते दीड किलो भाजी मिळते. म्हणजे एका घराला ३ चौरस मीटर वाफा आणि जोडीला वेलभाज्यांच्या व भेंड्यांच्या आठ-दहा ग्रो बॅगा (रोपे लावायच्या पिशव्या) पुरतात. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीला वाफ्यांसाठी १२० चौरस मीटर लागतील. तीन-चारशे चौरस मीटरच्या गच्चीत एवढी जागा सहज निघते.

गच्चीत पहिला विचार वजनाचा करावा लागतो. इमारतींवरच्या भाराचे भारतीय मानक ८७५ (भाग २) बघावे: ज्या गच्चीवर लोकांचा वावर गृहीत धरलेला असतो तिला चौरस मीटरमागे सुमारे १५० किलो भार धरतात, आणि जिच्यावर फक्त दुरुस्तीपुरते चढायचे असते तिला सुमारे ७५ किलो. एक फूट जाडीचा ओल्या तांबड्या मातीचा थर चौरस मीटरला ५०० किलोंच्या वर जातो. विटांचे कट्टे बांधून त्यात बैलगाडीभर माती ओतणे म्हणूनच धोक्याचे आहे. १२ इंच रुंद व तितक्याच उंच ग्रो बॅगेत २२ लिटर मिश्रण मावते आणि भिजल्यावर तिचे वजन २२ ते २५ किलो होते. अशा चार बॅगा एका चौरस मीटरवर ठेवल्या तर माणसाला वावरायलाही मुभा उरते. पालेभाजीच्या वाफ्याला १२ सेंटिमीटर खोली पुरते. जड बॅगा तुळईच्या आणि भिंतीच्या रेषेत ठेवाव्यात, स्लॅबच्या मध्यावर ठेवू नयेत. समुद्राजवळच्या जुन्या इमारतींत खाऱ्या हवेने सळ्या गंजलेल्या असतात. छताचे प्लास्टर फुगलेले दिसले तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय एकही बॅग वर नेऊ नये.

गळतीच्या भीतीने आपल्याकडे बहुतेक सोसायट्यांनी गच्चीवर पत्र्याचे छप्पर घातले आहे. बाग करायची म्हणून लोक त्याला अडचण समजतात. पावसाळ्यात मात्र तेच छप्पर उपयोगी पडते. एकट्या जुलैत हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्यावरच्या वाफ्यातले बी पहिल्याच सरीत वाहून जाते, कोवळी रोपे आडवी होतात आणि खत धुऊन निघते. छपराच्या कडेचा एक-दीड मीटरचा पट्टा उजेडात असतो आणि पावसाच्या माऱ्यातून सुटतो. पालेभाजीचे वाफे तिथे ठेवावेत. दर चार पत्र्यांमागे एक पारदर्शक पत्रा बसवला तर आतली जागाही वापरात येते. पालेभाजीला तीन-चार तासांचा चांगला उजेड पुरतो, फळभाजीला मात्र जवळपास सहा तास लागतात. त्यामुळे वेल आणि भेंडे छपराबाहेर, वाऱ्याच्या आडोशाला हवेत. कठड्यावर कुंडी ठेवूच नये. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आले तेव्हा काय काय उडाले ते आठवावे.

बॅगा थेट स्लॅबवर नकोत. विटांवर किंवा लोखंडी मांडणीवर, निदान चार इंच उंच ठेवाव्यात, म्हणजे खालून पाणी वाहून जाते आणि वॉटरप्रूफिंग तपासता येते. पन्हळीच्या तोंडाशी जाळी बसवावी. माती आणि पाने अडकून गच्चीत पाणी तुंबले की गळतीचा सगळा दोष बागेवर येतो, आणि खरे सांगायचे तर तो बरोबरच असतो.

मिश्रणाचे प्रमाण पावसाळ्यासाठी बदलावे लागते. हिवाळ्यात माती, कंपोस्ट आणि कोकोपीट समप्रमाणात चालते. पावसात कोकोपीट पाणी धरून ठेवते आणि मुळे गुदमरतात. म्हणून दोन भाग माती, दोन भाग कंपोस्ट, एक भाग भाताचे तूस आणि जेमतेम अर्धा भाग कोकोपीट घ्यावे. पालेभाजीच्या वाफ्यात मातीचा एक भाग कमी करून त्याजागी तूस वाढवावे, म्हणजे वजन आटोक्यात राहते. कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून निथळावे, कारण त्यात क्षार असतात. बॅगेच्या तळाशी नारळाच्या सोडणांचे तुकडे घातले की निचरा चांगला होतो. आपली जांभ्या दगडाची माती आम्लधर्मी आहे आणि स्फुरद धरून ठेवते, पिकाला मिळू देत नाही. बॅगेमागे १५ ते २० ग्रॅम शेतीचा चुना किंवा डोलोमाइट पेरणीच्या पंधरा दिवस आधी मिसळावा, कंपोस्टसोबत एकाच दिवशी घालू नये, नाहीतर नत्र उडून जाते. मूठभर निंबोळी पेंड घालावी. ट्रायकोडर्मा (रोगांच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर १० किलो ओलसर शेणखतात १०० ग्रॅम मिसळून आठवडाभर गोणपाटाखाली ठेवावा आणि मग मिश्रणात घालावा. कोरड्या मातीत नुसती पूड भुरभुरून काही होत नाही.

आता पिके. तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, सर्वांना हवी असते, पण भर पावसात तिच्या पानांवर राखी-पांढुरके डाग पडतात आणि दोन-तीन दिवसांत पाने जाळीदार होतात. हा बुरशीचा करपा आहे. पावसाचे थेंब मातीवर आपटून उडतात आणि बुरशी पानांवर चढते. म्हणून तांबडी भाजी छपराखालीच लावावी, पाणी पानांवर न ओतता मुळाशी द्यावे. हिरवा माठ या रोगाला बराच दाद देत नाही, तेव्हा अर्धे वाफे त्याचे ठेवावेत. चौरस मीटरला दोन ग्रॅम बी पुरते. ते दहापट बारीक वाळूत मिसळून पेरावे, नाहीतर एकाच जागी गर्दी होते आणि रोपे कोलमडतात. एकदम सगळे वाफे पेरू नयेत, दर दहा दिवसांनी एक पेरावा. पंचवीस-तीस दिवसांत पहिली कापणी मिळते.

उघड्या पावसात भरवशाची पालेभाजी म्हणजे वाल, म्हणजेच मायाळू. बाजारातून आणलेल्या जुडीतली जाड देठे वीतभर लांब कापून, दोन डोळे मातीत जातील अशी खोचली की आठ-दहा दिवसांत मुळे धरतात. चाळीस दिवसांनी दर आठवड्याला शेंडे खुडता येतात. अळू तर इमारतीच्या आवारात, पन्हळीचे पाणी पडते तिथे, कुठलीही निगा न मागता वाढते. मात्र खायच्या जातीचाच कंद लावावा. शेवगा कुंडीत लावू नये. आवारात जमीन असेल तर निचऱ्याच्या उंचवट्यावर लावून मीटरभर उंचीवर छाटत राहावा.

भेंड्यात आपला लांब, सात शिरांचा गावठी भेंडा पावसाळ्याचाच आहे. मेअखेर १५ इंची बॅगेत दोन बिया टोकून एक रोप ठेवावे. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत तोडणी सुरू होते, म्हणजे नेमकी जुलैच्या मध्यावर. दोडक्याला १८ इंच रुंद, १२ इंच उंच बॅग आणि डोक्याइतक्या उंचीचा मांडव लागतो. वेल फुलांनी भरतो, पण फळे धरत नाहीत, कोवळी पिवळी पडून गळतात, ही तक्रार नेहमीची असते. खत कमी पडले असे समजून लोक आणखी खत घालतात. खरे कारण परागीभवनाचे असते. दोडक्याची फुले संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास उमलतात आणि पावसात तेव्हा किडे फिरकत नाहीत. नर फूल तोडून पाकळ्या काढाव्यात आणि त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवावेत. मादी फूल ओळखणे सोपे आहे, त्याच्या खाली बोटाएवढे दोडके आधीच दिसते. घोसाळ्याचे आणि काकडीचे हेच काम सकाळी करावे लागते, दुधीचे संध्याकाळी.

फळ धरल्यावर फळमाशी येते. तिच्यासाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे वेलांवरच्या नर माशीला ओढणाऱ्या गंधाचा, सापळा लावावा. आंब्या-पेरूवरच्या माशीसाठी विकतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलांवर उपयोगाचा नाही, आणि दुकानदार पुष्कळदा तोच हातात देतात. सापळ्यात फक्त नर अडकतात, म्हणून दोन-तीन दिवसांच्या फळाला कागदी किंवा कापडी पिशवी बांधावीच. डंखलेली फळे कंपोस्टमध्ये टाकू नयेत. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर ठेवली की अळ्या मरतात. मोठ्या आफ्रिकन गोगलगाईंसाठी रात्री ओले गोणपाट अंथरून त्याखाली कोबीची पाने ठेवावीत, सकाळी त्या गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मातीवर मीठ टाकू नये, त्याने पुढचे पीक जाते.

वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या बाबतीत गोव्यात एक अडचण अशी आहे जी बाहेरच्या पुस्तकांत सापडत नाही. हिरवेगार झाड दुपारी अचानक माना टाकते आणि तीन दिवसांत मरते, पाणी दिले तरी. किनारपट्टीच्या आम्ल मातीतली ही जिवाणूजन्य मर आहे. ओळखायची कशी? बुंध्याजवळचा वीतभर तुकडा तिरका कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगावा. पाच-दहा मिनिटांत कापातून दुधी धागे सुटताना दिसले तर तीच. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट काढावे आणि त्या बॅगेतल्या मातीत पुन्हा वांगी, मिरची, टोमॅटो लावू नये. मायाळू किंवा माठ लावावा. जुने गोवे येथील एला गावातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने या रोगाला तोंड देणारे गोवा वांगी या नावाचे वाण काढले आहेत. बागेसाठी तेच मागावेत. रानवांग्याच्या खुंटावर केलेली कलमेही टिकतात.

खताचे सांगायचे तर पावसात एकदाच भरपूर घालण्यात अर्थ नाही. पंधरा दिवसांनी बॅगेमागे १०० ते १५० ग्रॅम गांडूळखत घालावे आणि वर सुक्या पानांचा थर पसरावा. गोव्यातल्या घरांत मासळीची खवले, आतडी, डोकी रोज निघतात. ती कचऱ्याच्या गाडीत देण्याऐवजी तेवढ्याच वजनाच्या गुळात कालवून बरणीत भरावीत, झाकण सैल ठेवावे आणि महिनाभर सावलीत राहू द्यावीत. गाळून निघालेला द्रव लिटरभर पाण्यात ३ ते ५ मिलिलिटर मिसळून मुळाशी दिला की पालेभाजी तरतरते. खारवलेली मासळी यात चालत नाही. गूळ कमी पडला तर मिश्रण सडते आणि शेजाऱ्यांपर्यंत वास जातो, म्हणून वजन करूनच घालावा.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याला तितक्याच आकारमानाची सुकी पाने लागतात. ती मिळतात जानेवारी ते एप्रिल. काजू-आंब्याची पाने तेव्हा जाळून टाकली जातात आणि जुलैत कंपोस्टच्या ड्रमात चिखल होतो. सोसायटीने मार्चमध्येच दहा-बारा पोती पाने भरून छपराखाली ठेवावीत.

डासांचा मुद्दा नगरपालिकेचे कर्मचारी काढतात आणि तो रास्त आहे. डेंग्यू पसरवणारा डास अंड्यापासून पूर्ण वाढायला सात-दहा दिवस घेतो. कुंडीखाली बशी ठेवूच नये. पन्हळीचे पाणी साठवायच्या पिंपाला घट्ट झाकण आणि तोंडाला बारीक जाळी असावी. शंभर चौरस मीटर छपरावरून वर्षाला दोन लाख लिटरच्या वर पाणी वाहून जाते, पण त्यातले साठवता येते ते टाकीएवढेच. ५००० लिटरच्या टाकीतून दिवसाला १०० लिटर काढले तर ऑक्टोबरनंतर पन्नास दिवस निघतात. पावसाळी बागेची भिस्त टाकीवर नाही, हाही तिचा एक फायदा.

एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. ताळगाव, आगशी आणि आसपासच्या गावांतून ज्या बाया पाटी घेऊन शहराच्या बाजारात बसतात त्यांच्याशी या बागांची स्पर्धा होता कामा नये. सोसायटीची भाजी सोसायटीतच खावी, विकायला काढू नये. आणि गच्चीवर दोन वाफे झाले म्हणून ताळगावची शेते किंवा कोमुनिदादची (गावकरी संस्थेची सामाईक) जमीन बुजवायला कोणी मोकळे होत नाही. ती शेते भात देतात आणि पावसाचे पाणीही धरतात, बॅगा ते करू शकत नाहीत.

सरकारकडे आणि पालिकांकडे मागणे मोठे नाही. विभागीय कृषी कार्यालयांनी परसबागेचे बियाणे मेच्या पहिल्या आठवड्यात द्यावे आणि पाकिटात कोबी-मुळ्याऐवजी हिरवा माठ, सात शिरांचा भेंडा, दोडकी, घोसाळी, काकडी असावी. पणजी, मडगाव, म्हापसा पालिकांनी ओल्या कचऱ्यापासून तयार होणारे खत चाळून, तपासून, फ्लॅटमागे २० किलो या हिशेबाने एप्रिलअखेरपर्यंत सोसायट्यांना परत द्यावे. त्यात काच आणि प्लास्टिकचे तुकडे निघत असतील तर ते कोणी घेणार नाही. सोसायट्यांनी एप्रिलमध्ये सर्वसाधारण सभेत ठराव घेऊन भाराचा दाखला, पारदर्शक पत्रे आणि पन्हळीच्या जाळ्या यांचा खर्च मंजूर करावा. यंदा निदान रोपांचे ट्रे तरी २५ मेपर्यंत भरावेत. ७ जूनच्या आसपास पाऊस लागला की छपराबाहेर बी टोकायला उसंत मिळत नाही.

आपला,
एक कृषी पदवीधर वाचक, पर्वरी